उंटकटारा म्हणून गळ्यात मारलेलं औषध

गेल्या जानेवारीत हरभरा फुलात होता. बांधावरचं पिवळ्या फुलांचं काटेरी झाड पाटानं आत शिरलेलं. तेवढ्यात मोटारसायकलला कॅन बांधून एक जण आला. टी-शर्टावर कसलंसं चिन्ह. झाडाकडं बघूनच म्हणाला, "काका, हा उंटकटारा. मुळी तीन फूट खाली. उगं बाया लावून खुरपायलात. हे जैविक हाय, मुळासगट जाळतंय, पिकाला काही होत नाही."

पाच लिटरच्या कॅनला अडीच हजार. घासाघीस करून दोन कॅन चार हजारांत घेतले आणि वर आपणच जिंकलो असं वाटलं! बिल मागितलं तर, "दुकानातून पाठवतो."

फवारल्यावर दोनच दिवसांत काटेरी झाडं मान टाकायला लागली. चौथ्या दिवशी हरभऱ्याचेही शेंडे पिळवटले. त्याचा फोन बंद.

कृषी सहायक आले. बांधावर वाचलेल्या एका झाडाचं पान त्यांनी मोडलं, तर हळदीसारखा पिवळा चीक त्यांच्या बोटावर आला. "हा उंटकटारा नव्हेच, पिवळा धोत्रा. आपण बिलायत म्हणतो तो. उंटकटाऱ्याला असा चीक नसतो, निळसर-पांढरे काटेरी गोळे येतात." धोत्रा मूळचा मेक्सिकोकडचा. दरवर्षी बियांवरून उगवतो, बोंडं पिकायच्या आत उपटला की नवं बी पडत नाही. तीन फूट मुळीचा नुसता बागुलबुवा. बी मात्र वाईट, हुबेहूब मोहरीसारखं. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याचंच तेल मिसळलं गेलं आणि माणसं दगावली.

पिळलेले शेंडे बघून ते म्हणाले, टू-फोर-डी या तणनाशकासारखं काहीतरी असणार. ते ज्वारी-गव्हात रुंद पानांच्या तणावर मारतात. हरभरा स्वतःच रुंद पानांचा, तो कसा वाचेल?

पंचायत समितीत तक्रार द्यायला गेलो, तर पहिला प्रश्न बिलाचा. कॅनवर फक्त हिरव्या पानाचं स्टिकर. नोंदणी क्रमांक नाही, बॅच नाही, मुदत नाही, विषाची तीव्रता दाखवणारा रंगीत चौकोनही नाही. हे सगळं घेतानाच बघायचं होतं, पण मी भाव पाडण्यात गुंग.

न फोडलेला कॅन पुरावा म्हणून आखाड्यावर ठेवलाय. परवा पाहुण्यांचा फोन आला, त्यांच्याकडं तसलाच एक जण फिरायलाय. आता औषध गाजरगवताचं आहे म्हणे.