कोसा की तुती?

रेशमाचा धंदा करायचा तर जंगलातला कोसा (टसर) घ्यायचा की तुतीचा पाला खाणाऱ्या अळीचं रेशीम, हा प्रश्न असतो. येनाच्या (ऐन झाडाच्या) फांदीला देठाने लटकलेला कोसा कानाशी धरून हलवा, आतला जीव टक् टक् वाजतो. लहान अंड्याएवढा, टणक. तुतीचा कोष त्यापुढे भुईमुगाच्या शेंगेसारखा, पांढरा आणि हलका. टसर कोशाचा पतंग जंगलातल्या मोठ्या रेशीम पतंगांपैकी. हिरवट चंद्रपतंग त्याचाच भाऊबंद. मादीचे पंख जवळजवळ वीतभर. तुतीचा पतंग माणसाने पाळून पाळून असा केला, की त्याला धड उडताही येत नाही. धंद्यातला फरकही तिथूनच सुरू होतो.

कोसा पिकवायला विहीर नको, शेड नको. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत येन, अर्जुन आधीच उभे आहेत. (झाडं जंगलातली असतील तर वनखात्याशी आधी बोलून घ्या.) पावसाळ्यात अळ्या झाडावर सोडायच्या, सव्वा महिन्यात कोसा, दुसरं पीक हिवाळ्याच्या तोंडावर. ऐकायला फुकटचं वाटतं, आणि माणूस तिथेच फसतो. उजाडायच्या आत पाखरं येतात, बुंध्यावरून मुंग्या चढतात, गांधीलमाशी अळी उचलते. दिवसभर गुलेल घेऊन कुणीतरी उभं हवं. एका झाडाचा पाला संपला की फांदीसकट अळ्या दुसऱ्यावर न्यायच्या. ढिवर (मासेमार) समाजाचे लोक हे पिढ्यान्‌पिढ्या करतात. त्यांच्यासोबत एक हंगाम काढल्याशिवाय अंडीपुंज (पतंगाच्या अंड्यांचे पुंजके) आणू नका.

तुतीला एकरभर वावर, ठिबक आणि शेड लागते. पण पंचवीस-अठ्ठावीस दिवसांत कोष, वर्षाला चार-पाच पिकं. अळीला २४ ते २८ अंश मानवतं आणि आपला मे ४५ ला जातो, म्हणून उन्हाळ्याचं पीक मी सोडूनच देतो. खरी भीती कपाशीची. शेजाऱ्याने एकदा न सांगता फवारलं, वारा आमच्याकडे होता. शेवटच्या अवस्थेतल्या अळ्या सकाळी हिरवं पाणी ओकत पडल्या होत्या.

तुतीचा कोष किलोवर जातो, जालन्याला बाजार आहे. कोसा नगावर मोजतात. त्याचे विणकर भंडारा-चंद्रपूरकडच्या आंधळगाव, नागभीडला.

वर्धा-यवतमाळकडे पाणी असेल, तर मी तुतीच सांगेन. गडचिरोली-भंडाऱ्यात कोसा, पण पहिलं पीक धानाच्या रोवणीतच येतं. तेव्हा घरात रिकामं कोण असतं, ते आधी मोजा.