भूल देताना शेजारी असलेला मॉनिटर : दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

लहान प्राण्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या आमच्या छोट्या दवाखान्यात गेली दोन वर्षे एक मल्टिपॅरामीटर मॉनिटर जवळजवळ रोज वापरात आहे. रक्तातील ऑक्सिजन, ईसीजी, कफाने, म्हणजे पायाभोवती गुंडाळून फुगवायच्या पट्ट्याने, मोजलेला रक्तदाब, शरीराचे तापमान आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड अशा पाच गोष्टी तो एका पडद्यावर दाखवतो. पुढे त्याच्या उणिवाही स्पष्टपणे लिहिणार असल्यामुळे कंपनीचे नाव देत नाही. असे यंत्र घेण्याच्या विचारात असलेल्या व्यवसायबंधूंना याचा उपयोग व्हावा आणि आपल्या मांजराला किंवा कुत्र्याला भूल दिल्यावर टेबलाशेजारी नेमके काय पाहिले जाते, हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्या पालकांनाही ते समजावे, अशा बेताने लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. या यंत्रातील कॅप्नोग्राफ, म्हणजे प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख काढणारा भाग, इतका मोलाचा आहे की बाकीचे चारही भाग साधारण निघाले असते तरी मी हेच यंत्र पुन्हा घेतले असते. ऑक्सिमीटर चांगला आहे, त्याची क्लिप मात्र प्राण्यांच्या जिभेचा विचार करून बनवलेली वाटत नाही. रक्तदाबाचा भाग मोठ्या कुत्र्यांसाठी उपयोगी आणि मांजरांसाठी बेभरवशाचा आहे.

भुलेतील धोका किती असतो याचा एक आकडा माझ्या नेहमी डोळ्यांसमोर असतो. ब्रिटनमधील ११७ दवाखान्यांतून २००२ ते २००४ या काळात गोळा केलेल्या नोंदींवर आधारित आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रॉडबेल्ट व सहकाऱ्यांच्या अभ्यासात भूल किंवा गुंगीशी संबंधित मृत्यूचे प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के आढळले होते. टक्केवारी लहान दिसते, पण रोज दोन-तीन प्राण्यांना भूल देणाऱ्या माणसाला ती लहान वाटत नाही. त्याच अभ्यासात ज्या मांजरांची नाडी तपासली जात होती आणि ज्यांना ऑक्सिमीटर लावलेला होता, त्यांच्या मृत्यूचा धोका कमी आढळला. कुत्र्यांचे जवळपास निम्मे आणि मांजरांचे निम्म्याहून अधिक मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यानंतर झाले होते, ही त्यातील मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. तिच्याकडे मी शेवटी येईन.

ऑक्सिमीटरपासून सुरुवात करते, कारण बहुतेक दवाखान्यांत पहिले येणारे यंत्र तेच असते. लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांचे रक्तातील शोषण मोजून तो हिमोग्लोबिनवर किती टक्के ऑक्सिजन बसलेला आहे हे सांगतो. आमच्या मॉनिटरचा आकडा स्थिर असतो आणि नाडीची लहरही दाखवत असल्यामुळे तो आकडा खरा की खोटा हे कळते. क्लिपची पकड मात्र फार घट्ट आहे. वीस मिनिटांत मांजराची पातळ जीभ दाबली जाऊन पांढरी पडते आणि ९८ वरचा आकडा ८८ वर येतो. मांजर ठीक असते, जीभ ठीक नसते. ओल्या गॉझची एक घडी जिभेवर ठेवून तिच्यावरून क्लिप लावायची आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलायची, हा उपाय आम्हाला सापडला. डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचे औषध दिलेल्या प्राण्यात रक्तवाहिन्या आकसल्यामुळे आकडा मिळायला आणखी त्रास होतो, पण तो दोष यंत्राचा नव्हे.

ऑक्सिमीटरची खरी मर्यादा वेगळीच आहे आणि ती माझ्या नीट लक्षात यायला बरीच वर्षे गेली. भुलेत प्राणी जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन घेत असतो, त्यामुळे धमनीतील ऑक्सिजनचा दाब ५०० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास पोहोचलेला असतो. तो तेथून घसरत १०० पर्यंत आला तरी ऑक्सिमीटर ९८ च दाखवत राहतो. म्हणजे प्राण्याने श्वास थांबवला असेल तर ऑक्सिमीटर ते सांगेल, पण बऱ्याच उशिरा सांगेल. कॅप्नोग्राफ पुढच्याच श्वासाला सांगतो.

तो वापरायला लागल्यावर माझी नजर पडद्याच्या खालच्या पिवळ्या रेषेवर जाऊ लागली आणि आता इतर काही दिसण्याआधी मला तीच दिसते. उच्छ्वास सुरू झाला की रेषा उभी चढते, वर सपाट होते आणि श्वास आत घेताच शून्यावर येते. सपाट भागाच्या शेवटचा आकडा ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असावा, भुलेत पन्नासच्या आसपास गेला तरी मी लगेच घाबरत नाही. आकड्यापेक्षा आकार अधिक बोलतो. रेषा खाली येऊनही शून्याला टेकत नसेल तर प्राणी आपलाच उच्छ्वास पुन्हा घेत आहे, म्हणजे उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइम संपला आहे, झडप अडकली आहे किंवा लहान प्राण्याच्या सर्किटमध्ये, म्हणजे प्राण्याला भुलेच्या यंत्राशी जोडणाऱ्या नळ्यांमध्ये, ऑक्सिजनचा प्रवाह कमी पडतो आहे. चढण तिरकी होऊन सपाट भाग नाहीसा झाला तर श्वासासाठी घशातून घातलेली नळी कुठे तरी मुडपली आहे किंवा श्वासनलिका आकसली आहे. नळी घातल्यावर रेषा उमटलीच नाही, तर ती श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली असल्याची शंका सर्वांत आधी घ्यायची. मांजराचा घसा चटकन आवळला जातो, त्यामुळे ही चूक अनुभवी हातांकडूनही होते. पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून ती दोनदा झाली आणि दोन्ही वेळा दुसरा श्वास व्हायच्या आत मला कळली.

एक प्रसंग सविस्तर सांगते. गर्भाशयात पू झालेली एकतीस किलोची लॅब्राडोर कुत्री टेबलावर होती. दोन्ही अंडाशयांच्या रक्तवाहिन्या बांधून झाल्या होत्या, गर्भाशय काढून ट्रेमध्ये ठेवले होते आणि मी पोट धुऊन घेत होते. सहायक एका ठरावीक लयीत, मिनिटाला बारा वेळा, पिशवी दाबून श्वास देत होती आणि दर पाच मिनिटांनी तक्त्यात नोंद करत होती. कार्बन डायऑक्साइड सुरुवातीपासून एक्केचाळीसच्या आसपास होता. ती म्हणाली, ‘मॅडम, सीओटू चौतीस झालाय.’ मी मान वर केली तोवर एकोणतीस झाला होता. रेषेचा आकार सुरेख चौकोनी होता, ऑक्सिजन ९७ होता, ईसीजी नियमित होता, फक्त हृदयाचे ठोके १०८ वरून १५० वर गेले होते. रक्तदाबाचा कफ फुगत होता, सुटत होता, पुन्हा फुगत होता आणि आकडा देत नव्हता. श्वास एकाच लयीत दिला जात असताना कार्बन डायऑक्साइड असा उतरतो, तेव्हा बहुधा फुप्फुसांपर्यंत रक्तच कमी पोहोचत असते. सहायकाने कुत्रीच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोटे ठेवली, नाडी दोऱ्यासारखी लागत होती. मी ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, उचलून त्याच्यासह आतडी डावीकडे वळवली आणि उजव्या मूत्रपिंडाच्या मागे पाहिले, तर तेथे रक्त साठत होते. उजव्या अंडाशयाच्या देठावरची गाठ सुटली होती. देठ चिमट्यात धरून पुन्हा बांधला, सलाइनचा वेग वाढवला आणि पंधरा मिनिटांत आकडा सदतीसवर आला. मधल्या काळात कफाने अखेर दिलेला सरासरी रक्तदाब ५२ होता. साठच्या खालचा सरासरी दाब मूत्रपिंडांना सोसत नाही, त्यामुळे तो आकडाही महत्त्वाचाच होता, पण त्याची वाट पाहत बसले असते तर त्या कुत्रीचे आणखी किती रक्त गेले असते याचा विचार मी अजूनही करते. तिसऱ्या दिवशी ती चालत घरी गेली.

कॅप्नोग्राफची एक अडचण मात्र आहे आणि विक्रेते ती सांगत नाहीत. हे यंत्र सर्किटमधून हवेचा नमुना बारीक नळीने खेचून घेते. तीन किलोच्या मांजराचा एक श्वास तीस-पंचेचाळीस मिलिलिटरचा असतो. नमुना खेचण्याचा वेग जास्त असेल आणि सर्किटमधून ताज्या ऑक्सिजनचा मोठा प्रवाह वाहत असेल, तर उच्छ्वास त्या प्रवाहात मिसळून पातळ होतो आणि आकडा खोटा, म्हणजे कमी दिसतो. आमच्याकडे पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक लहान मांजरे २५ च्या आसपास दिसत होती आणि ती जोराने श्वास घेत आहेत असे मी समजत होते. नंतर नमुना थेट नळीच्या तोंडाशी घेणारा, आत फार कमी जागा असलेला जोड मागवला, खेचण्याचा वेग मिनिटाला १५० वरून ५० मिलिलिटरवर आणला आणि एका मांजराचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत २६ वरून ३७ झाला. हा जोड यंत्रासोबत यायला हवा होता.

रक्तदाबाबद्दल वर लिहिलेच आहे. कफाची रुंदी पायाच्या घेराच्या ४० टक्के असावी लागते. रुंद कफ आकडा कमी दाखवतो आणि अरुंद कफ जास्त. यंत्रासोबत आलेल्या चार कफांतील सर्वांत लहान कफही मांजराच्या पिल्लाला मोठा होतो. दाब खरोखर खाली जातो किंवा ठोके अनियमित होतात, तेव्हा, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, कफाचे तंत्र अडखळते. मांजरांसाठी आम्ही जुना डॉप्लरच, म्हणजे धमनीतील रक्तप्रवाह आवाजातून ऐकवणारे यंत्रच, वापरतो. त्याचा ‘हूश् हूश्’ आवाज खोलीभर ऐकू येतो आणि मान वर न करताही रक्त वाहते आहे हे कळत राहते.

ईसीजी आणि तापमान यांच्याबद्दल थोडक्यात सांगायचे, तर दोन्ही नीट चालतात. काही कुत्र्यांत ईसीजीतील टी लहर, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या शेवटी उमटणारी लहर, उंच असते, तेव्हा यंत्र तिलाही ठोका समजते आणि ७० ऐवजी १४० दाखवते, म्हणून त्या आकड्याची नाडीशी गाठ घालून पाहावी लागते. तापमानाची अन्ननलिकेत घालायची तार उपयोगी आहे. ती आल्यापासून केस काढलेल्या त्वचेवर स्पिरिट सढळ हाताने ओतण्याची आमची सवय गेली, कारण पहिल्या अर्ध्या तासातच पारा किती घसरतो हे समोर दिसू लागले.

धोक्याच्या घंटेची मूळ मांडणी हा यंत्राचा मोठा दोष आहे. पडद्यावर ‘प्राणी’ असा पर्याय आहे, पण तो निवडल्यावर येणाऱ्या मर्यादा मोठ्या माणसाच्याच वाटतात. १६० ठोक्यांचे निरोगी मांजर सतत घंटा वाजवत राहते आणि मग कोणी तरी सगळ्याच घंटा बंद करून टाकतो. आम्ही कुत्रा, मांजर आणि ससा यांच्यासाठी वेगळ्या मर्यादा ठरवून यंत्रात साठवल्या आणि श्वास थांबल्याची घंटा कोणत्याही परिस्थितीत बंद करायची नाही असा नियम केला. दुसरा दोष सेवेचा. कार्बन डायऑक्साइडचा भाग तपासणीसाठी पाठवला तेव्हा तो परत यायला तीन आठवडे लागले आणि बदली भाग मिळाला नाही. त्या तीन आठवड्यांत मी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. काही पालक नाराज झाले, त्यांची नाराजी योग्यच होती. पाणी साठणारी वाटी आणि नमुन्याच्या नळ्या यांचा साठा जवळ ठेवावा, कारण नळीत ओल धरली की रेषा बुटकी होत जाते आणि दोष प्राण्यात आहे की नळीत हे ऐनवेळी ठरवणे कठीण जाते.

घेण्यापूर्वी विक्रेत्याकडे एकच मागणी करावी. यंत्र त्याच्या हातावर चालवून न दाखवता तुमच्याकडे आलेल्या सर्वांत लहान मांजराच्या भुलेत, तुमच्याच सर्किटवर, पूर्ण शस्त्रक्रियाभर चालवून दाखवावे. शिवाय हृदय बंद पडल्यास कॅप्नोग्राफ कसा वापरायचा हे सगळ्या सहायकांना शिकवावे. छाती दाबताना आकडा किमान १८ मिलिमीटर पाऱ्यावर राहील असे दाबा, असे प्राण्यांचे बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू करण्याविषयीच्या २०२४ च्या रिकव्हर मार्गदर्शक सूचना सांगतात. आकडा त्याखाली घसरला की दाबणाऱ्याचे हात थकले असतील, तो बदलायचा. आमच्याकडे हे दोनदा वापरावे लागले आणि त्यातला एक ससा वाचला.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ मात्र या यंत्राच्या हाताबाहेर आहे. नळी काढली की पिवळी रेषा जाते आणि जीभ हलू लागली की क्लिप निसटते. नेमके पहिले तीन तास सर्वाधिक धोक्याचे असतात, तेव्हा पडदा रिकामा असतो. म्हणून आमच्याकडे आता पिंजऱ्याच्या दारावर वेगळा तक्ता लटकतो. प्राणी स्वतः मान धरून बसेपर्यंत दर पाच मिनिटांनी हिरड्यांचा रंग, नाडी, श्वास आणि तापमान त्यात हाताने लिहिले जाते, आणि ते लिहिणाऱ्या व्यक्तीला त्या काळात दुसरे कोणतेही काम दिले जात नाही.