आजीच्या गोष्टी टिपायच्या: मोबाइलवर की हँडी रेकॉर्डरवर?

मोबाइल हाताशी असतो, हाच त्याचा मोठा गुण. पण बहुतेक फोन आवाजाची पातळी आपणहून वरखाली करतात. आजी ‘आणि मग...’ म्हणून थांबली की पंख्याची घरघर उसळते. गोष्टीतला तो थांबाच जातो, आणि एडिटिंगमध्ये तो धड परत येत नाही. एअरप्लेन मोड विसरलात तर कॉल येऊन रेकॉर्डिंग मध्येच तुटू शकतं.

हँडी रेकॉर्डरवर, म्हणजे फक्त आवाज टिपणाऱ्या हातात मावणाऱ्या यंत्रावर, पातळी हाताने लावता येते. आजीला राक्षसाच्या आवाजात बोलायला लावा आणि सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा; या मीटरवर शून्य ही वरची मर्यादा. शून्याला भिडला की आवाज फाटतो. माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला. म्हणजे ‘प’, ‘फ’चे फटके बसत नाहीत. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट या दर्जाची मोनो (एकाच चॅनेलची), कॉम्प्रेस न केलेली वेव्ह फाइल तासाला साधारण ५२० एमबी घेते.

हुंकार मात्र गिळू नका. समोरून ‘हं’ आलं नाही तर सांगणारी आवरतं घेते. माइक तिच्याकडे वळवला की तुमचा ‘हं’ मागे राहतो.

जतनच करायचं तर रेकॉर्डर घ्या. पण आजी आत्ताच रंगात आली असेल तर मोबाइल काढा, पंखा बंद करून.