बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर

सापांचा नाद मला ह्यूस्टनला आल्यावर लागला. लहानपणी साताऱ्याकडे शेतात धामण दिसली की आजोबा म्हणायचे, "जाऊ दे तिला, उंदीर खाते ती." तिकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे धामण पाळता येत नाही, आणि ते ठीकच आहे. इकडे टेक्सास रॅट स्नेक, म्हणजे धामणीसारखाच उंदीर खाणारा बिनविषारी साप, घरात ठेवता येतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचे एक्स्पो भरतात, तिथे भाजीबाजारासारखी टेबलं मांडलेली असतात आणि प्रत्येक प्लास्टिकच्या डब्यात एक पिल्लू. अशाच एका टेबलावर २०१९ च्या ऑक्टोबरात मी तीनशे डॉलरला गंडलो.

मला हवा होता ल्युसिस्टिक. अख्खा साप दुधासारखा पांढरा, अंगावर एक ठिपका नाही, डोळे मात्र निळसर काळे. (अल्बिनो वेगळा, त्याचे डोळे लालसर.) हा पांढरेपणा रिसेसिव्ह जनुकामुळे येतो. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन्ही प्रती मिळाल्या तरच पिल्लू पांढरं निघतं. एकच मिळाली तर ते दिसायला चारचौघांसारखं राखाडी, पण जनुक पुढच्या पिढीला देऊ शकतं. अशा पिल्लाला छंदवाले 'हेट' म्हणतात. सगळी गोम इथेच आहे. हेट आणि साधं पिल्लू शेजारी ठेवा, ब्रह्मदेवालाही ओळखू येणार नाही. साध्या पिल्लाचे तीसेक डॉलर होतात. त्यावरचे सगळे पैसे तुम्ही विकणाऱ्याच्या शब्दाला देता.

"मग सरळ पांढरंच का नाही घेत?" असं बायकोने तिथेच विचारलं होतं. पलीकडच्या टेबलावर सव्वाशेला पांढरं पिल्लू होतंही. पण ल्युसिस्टिकमध्ये बटबटीत, बाहेर आलेले डोळे हा दोष बऱ्यापैकी दिसतो, आणि हेट विकणाऱ्या गृहस्थाने नेमकी तीच नस पकडली. म्हणाला, "भावकीतच लग्नं लावून लोकांनी डोळे बिघडवलेत. माझा नर पांढरा, स्वच्छ डोळ्यांचा. माद्या नव्या रक्ताच्या. त्यामुळे ही पिल्लं शंभर टक्के हेट." हिशोब बरोबर होता. बाप खरंच पांढरा असेल तर झाडून सगळी पिल्लं हेटच होणार. फक्त तो बाप मी पाहिला तो त्याच्या फोनवरच्या फोटोत. आपल्याकडे ज्यासाठी म्हण आहे तेवढं एकच मी केलं नाही.

नर-मादीची जोडी घरी आणली. टेक्सास रॅट स्नेकचं पिल्लू म्हणजे पेन्सिलीएवढा राग. डब्याला हात लावला की शेपटी प्लास्टिकवर तडतड वाजवणार आणि चावणार. बर्फातले उंदीर गरम पाण्यात वितळवून भरवत तीन वर्षं वाढवली. २०२२ च्या उन्हाळ्यात मादीने अकरा अंडी घातली. ओलसर व्हर्मिक्युलाइटचा (ओल धरून ठेवणाऱ्या भुसभुशीत खनिजाचा) डबा, तापमान अठ्ठावीस अंश, आणि दोन महिने रोज रात्री टॉर्च घेऊन माझी फेरी. एका पहाटे पहिल्या अंड्यावर ब्लेडने मारावा तसा बारीक काप दिसला. कापातून पातळ द्रव ओघळला, मग नाकाचं टोक, मग डोकं. राखाडी. म्हटलं असू दे, चारात एक असतं. तीन दिवसांत अकराही बाहेर आली. अकराही राखाडी.

दोन्ही पालक हेट असतील तर दर अंड्यामागे पांढऱ्याची शक्यता पाव. अकरांत एकही पांढरं नाही, असं शंभरात चार वेळा होऊ शकतं. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं, "नशीब!" मीही ते पटवून घेतलं. २०२३ मध्ये चौदा अंडी, चौदा राखाडी. पंचवीसच्या पंचवीस अशी निघणं हजारात एकदाही होत नाही. या वेळी त्याचं उत्तरच आलं नाही. मग मी तो नराचा फोटो इंटरनेटवर शोधला, जे चार वर्षांपूर्वी पाच मिनिटांत करता आलं असतं. फोटो दुसऱ्याच राज्यातल्या ब्रीडरचा निघाला.

त्याच सुमारास शेजाऱ्याने हाक मारली. त्याच्या खुराड्यात कोंबडीची अंडी गिळून एक साप सुस्त पडला होता. इथले जुने लोक याला 'चिकन स्नेक'च म्हणतात. पाहिला तर माझ्या मादीची सख्खी बहीण शोभावी. 'नवं रक्त' कुठून आलं असावं याचा मी आपला अंदाज बांधला. पुरावा नाही.

तरी खुमखुमी होतीच. २०२४ मध्ये एका मित्राची पहिलटकरीण पांढरी मादी माझ्या नराबरोबर ठेवली. नर हेट असता तर निम्मी पिल्लं पांढरी व्हायला हवी होती. नऊ झाली, नऊही राखाडी. पाचशे बारांत एकदा घडणारी गोष्ट. तिथे मी हात टेकले.

आता कुणी विचारलं तर मी सांगतो, डोळ्यांना दिसतो तो रंग विकत घ्या. हेटच घ्यायचं तर आई-बाप आणि त्या खेपेची सगळी पिल्लं प्रत्यक्ष बघा आणि 'हेट न निघाल्यास पैसे परत' हे लिहून घ्या. डब्यावर '६६ टक्के हेट' असेल तर बिचकू नका. दोन हेटच्या पोटचं राखाडी पिल्लू हेट असण्याची शक्यता तीनात दोन असते, तेवढाच त्याचा अर्थ. पण तिथेही ते दोन हेट कुणी सिद्ध केले, हे विचाराच.

गंमत म्हणजे मित्राच्या मादीची ती नऊ पिल्लं खरोखर शंभर टक्के हेट आहेत, कारण आईच पांढरी. दिसायला मात्र माझ्या पंचवीसांसारखीच. साध्यांच्या भावात, तीस डॉलरला एक अशी लावली. पहिला आला तो कॉलेजचा पोरगा. डबा उजेडात धरून त्याने पिल्लू बराच वेळ न्याहाळलं, खाली ठेवलं आणि म्हणाला, "आई बघायला मिळेल?" मित्राचं घर वीस मिनिटांवर. मी गाडीची किल्ली घेतली.