मनाची शांती की वचन?

चर्चच्या मंडळीतल्या एका ताईंनी विचारलं, "नोकरी सोडायचा विचार केला की शांती वाटते. हा देवाचा होकार समजू का?" म्हणजे निर्णय मनातल्या शांतीवर घ्यायचा, की वचनावर, बायबलमधल्या देवाच्या शब्दावर?

शांतीच्या खात्रीचं काय? बायबलमधला संदेष्टा योना देवापासून पळत होता आणि गलबताच्या तळाशी गाढ झोपला होता. शांतीच की ती! उलट आज्ञा पाळणारा येशू गेथशेमाने बागेत व्याकूळ.

टिकाऊपणात मन कच्चंच. कर्मेल डोंगरावर खोट्या संदेष्ट्यांविरुद्ध जिंकलेला संदेष्टा एलीया लगेच रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही; निखाऱ्यांवर भाजलेली भाकर देतो, पाणी देतो.

मेहनत मात्र वचनाला जास्त. डोळे मिटून बायबलच्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवणं म्हणजे वाचन नव्हे.

थकवा, दुखावलेपण ओळखायला मन चांगलं. निर्णयाला वचन आणि एखादं जाणतं माणूस. ताई, आधी दोन दिवस रजा काढा.