कोकणातल्या पावसात सायकलला रिम ब्रेक की डिस्क?

रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या उतारावर जुलैत ब्रेक दाबला की फरक कळतो. रिम ब्रेकचं रबर चाकाच्या कडीवर, म्हणजे रिमवर दाबतं; ते आधी पाणी पुसतं, मग पकडतं. तेवढ्यात वळण येतं. शिवाय जांभ्याची लाल माती रबरात रुतून ॲल्युमिनियमची रिम कानसल्यासारखी घासते. आठवड्याला रबरातले खडे टाचणीने उपटा, पॉलिशपेपर फिरवा. रिमवरची झिजेची खाच नाहीशी झाली की रिम बदलाच.

डिस्क ओल्यातही धरते; यात चाकाच्या मध्यावरची धातूची चकती, म्हणजे रोटर, दोन पॅड आवळतात. रेझिनचे (राळयुक्त, मऊ) पॅड चिखलात भराभर झिजतात, म्हणून धातूचे घ्या. रोटरवर ‘फक्त रेझिन’ लिहिलेलं नाही ना, तेवढं बघा. पॅडचा थर 0.5 मिमी उरला की बदला. चेनला तेल घालताना रोटरवर थेंबही नको.

पावसाळ्यात घाटात चालवणार असाल तर डिस्कच. बाजारापुरत्या सपाटीला रिम पुरे, रबर गावातही मिळतं.