एका थोर माणसाला एकच गठ्ठा

पलूस भागातल्या एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीत माजी विद्यार्थ्यांना घेऊन क्रांतिसिंह नाना पाटलांवर वीस मिनिटांची फिल्म केली. ड्रेस सांगलीच्या गावभागातून भाड्यानं आणले. दुकानाचं नाव लिहीत नाही. पुढं थोडी तक्रार आहे आणि तिथल्या काकांशी मला वाईटपणा घ्यायचा नाही.

माल भरपूर. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात, त्यामुळं इथं राजे, राक्षस, ऋषी यांना तोटा नाही. मुकुट छताला टांगलेले. दाढ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, वर स्केचपेननं 'विश्वामित्र', 'दुर्वास'. ड्रेसला दिवसाला दोनशे, डिपॉझिट तीन हजार. कपडे धुतलेले, घामाचा वास नाही. गॅदरिंगला भाड्याचा ड्रेस घातलेल्यांना याची किंमत कळेल.

अडचण सुरू झाली ती 'नाना पाटील' म्हटल्यावर. काकांनी गठ्ठाच पुढं सारला : पांढरं धोतर, सदरा, तयार शिवलेला फेटा, झुबकेदार मिशी. म्हणजे चौकातला पुतळा.

"लोकांस्नी बघताक्षणी वळकू याय पायजे की ओ, सर."

त्यांचंही खरं. पण आमची गोष्ट १९४३ ची, पत्री सरकारची. नानांचा जन्म १९०० चा. तेव्हा त्रेचाळीशीतला हा माणूस भूमिगत होता, पोलीस मागावर. पुतळ्यासारखा नटून हिंडला असता तर १९४६ पर्यंत हाती लागल्याशिवाय राहिला असता का? आणि तलाठ्याची नोकरी सोडणारा तिशीचा नाना दाखवायचा तर आणखी पंचाईत, तो चेहरा कुणाच्याच डोळ्यांपुढं नाही. कोल्हापूरच्या भानू अथैयांना 'गांधी'च्या वेशभूषेसाठी जॉन मोलोंबरोबर ऑस्कर मिळालं. त्यात सुटाबुटातला बॅरिस्टर पंचापर्यंत कसा आला ते नुसत्या कपड्यांवरून कळतं. आमच्याकडं एका थोर माणसाला एकच गठ्ठा.

नाना १९७६ पर्यंत होते, त्यामुळं त्यांची भाषणं ऐकलेली माणसं गावात अजून आहेत. त्यातल्या तिघांनी नाना बोलताना हात कसा उडवायचे ते करून दाखवलं. तीन तऱ्हा. मी तिघांनाही 'अगदी बरोबर' म्हणालो.

आता तक्रार. धोतर टेरिकॉटचं, उन्हात कॅमेऱ्यासमोर नुसतं चमकतं. १९४३ साली टेरिकॉट कुठलं आलंय? शेवटी चुलत्यांचं सुती धोतर चहाच्या पाण्यात बुडवून वापरलं. शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली त्या प्रसंगातल्या पोलिसांसाठी लाल कोट काढून दिले. लाल कोट म्हणजे अठराशे सत्तावन! "इंग्रजाचं म्हटलं की समदे लालच मागत्यात," काका म्हणाले. खाकी मागितली तर मिळाली, पण बाहीवर महाराष्ट्र पोलिसांचा बिल्ला शिवलेला. मिशीचा डिंक तर कामातून गेलेला. भाषण रंगात आलं आणि डावं टोक सुटून ओठावर लोंबायला लागलं. पुढचं सगळं उजव्या बाजूनं शूट केलं.

तरी मी पुन्हा तिथंच जाईन, ते आजोबांसाठी. काकांचे वडील आत खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. "त्यो शिवलेला ठेव खाली," एवढंच म्हणून उठले आणि कपाटातून साधी पांढरी मलमल काढली. एक टोक पोराच्या दातांत दिलं, बाकीच्याला पीळ घालत डोक्याभोवती फिरवत नेलं. बोटं थरथरत होती, पण पीळ कुठं सैल पडला नाही. शेमला पाठीवर सोडला. पोरगं मान ताठ करून बसलेलं, वरातीतल्या नवरदेवागत. आजोबांनी त्याच्या हातात चहाचा कप दिला.

"पी. खाली वाक. डोस्कं खाजीव. फेटा हाय ह्ये इसरलास की मग नाना."

त्याचे पैसे घेतले नाहीत. काकांनी मात्र बिल्ला उसवला म्हणून डिपॉझिटमधले तीनशे कापले.

पौराणिक नाटकाला डोळे झाकून जा. जवळच्या काळातल्या माणसावर काही करणार असाल तर धोतर आणि डिंक घरून न्या. आणि अकराच्या आत पोचा, नंतर आजोबा जेवायला घरी जातात.